विसरण्याआधी ऐकावे लागते

प्रेमभंगानंतर नवे प्रेम गवसते, या चाकोरीतल्या चित्रपटांत जुन्या प्रेयसीच्या वाट्याला बहुधा खलनायिकेचीच भूमिका येते. निकोलस स्टोलर दिग्दर्शित ‘फरगेटिंग सारा मार्शल’ (२००८) हाही त्याच वाटेने निघतो. साराने सोडलेला पीटर मन रमवायला हवाईला जातो, तर त्याच हॉटेलात ती नव्या प्रियकरासह उतरलेली. शय्यादृश्ये, चावट विनोद, स्वागतकक्षातली रेचेल, सारे अपेक्षेप्रमाणे घडते.

पण मध्येच सारा बोलते. नाते टिकावे म्हणून ती किती धडपडली आणि पीटरला त्याचा पत्ताही नव्हता, हे ती त्याला ऐकवते. या एका प्रसंगाने चित्रपट तरून जातो, असे आम्हांस वाटते. दुसऱ्याची बाजू ऐकल्याखेरीज विसरणे म्हणजे निव्वळ पळ काढणे होय.

पटकथाकार आणि नायक जेसन सीगल आरंभी विवस्त्र अवस्थेत नकार ऐकतो. शेवटी रेचेल परतते तेव्हाही तो विवस्त्रच असतो. देह तोच, पाहणारी नजर मात्र बदललेली. साराला पुढे पुन्हा थट्टेचा विषय केले जाते, एवढी खंत आमच्या मनात उरते.