पिंप धुणारे हात

दिवाळीची चाहूल लागली, रात्री गारवा जाणवू लागला, की वाशीत खिडक्या बंद होऊ लागतात. रात्री वारा जमिनीकडून खाडीकडे वाहतो आणि पवने-तुर्भ्याच्या एमआयडीसीतला उग्र दर्प सोबत आणतो. आपण तक्रार करतो, आणि ती केलीच पाहिजे. पण आपल्याला तासभर छळणारी ती रसायनं दिवसभर उघड्या हातांनी हाताळणारी माणसं इथून दोन-तीन किलोमीटरवर राहतात. यंदाचा अंक त्यांच्यासाठी काढला आहे.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आतल्या गल्ल्यांत भंगाराची गोदामं आहेत आणि त्यांच्या दारात निळ्या पिंपांच्या थप्प्या. कारखान्यातून ‘रिकामं’ म्हणून आलेल्या पिंपाच्या तळाशी वाटीभर तरी द्रावण उरलेलं असतं. पिंप गटारात उलटं करायचं, पाइपाने पाणी मारायचं, मग खांद्यापर्यंत हात आत घालून चिंधीने पुसायचं. बोटांची सालं निघतात, डोळे चुरचुरतात, रात्री खोकला थांबत नाही. विचारलं तर म्हणतात, ‘सवय झाली.’ लेबल आधीच खरवडलेलं असतं, त्यामुळे आत काय होतं ते धुणाऱ्याला कळत नाही आणि त्याला तपासणाऱ्या डॉक्टरलाही सांगता येत नाही. गटारातलं पाणी नाल्यातून ठाण्याच्या खाडीत जातं. पिंप जातं एखाद्या वस्तीत, पिण्याचं पाणी साठवायला.

हे सारं कायद्याला ठाऊक नाही असं नाही. २०१६च्या घातक कचरा नियमांच्या यादीत रसायनांनी माखलेली रिकामी पिंपं घातक कचरा म्हणूनच नोंदली आहेत. घातक कचऱ्याची गाडी कारखान्यातून निघाली की तिच्यासाठी सात प्रतींचा कागद भरावा लागतो. कचरा कुठून निघाला, कोणी नेला, कुठे पोचला, सगळं त्यात येतं. धुणाऱ्याचं नाव त्यातल्या एकाही प्रतीवर नसतं. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं. आपण काय हाताळतो हे जाणून घेण्याचा आणि आरोग्यतपासणीचा हक्क कामगाराला मिळाला. पाच-सहा माणसांच्या गोदामात मात्र तो सहसा पोचतच नाही. ज्या कारखान्यात ते रसायन वापरलं गेलं तिथल्या माणसाला हातमोजे आणि तपासणी, आणि त्याच रसायनाचा गाळ खरवडणाऱ्याला काहीच नाही, हा अन्याय आम्हाला असह्य वाटतो.

कारखान्याने आत काय होतं ते लिहून दिल्याशिवाय पिंप बाहेर सोडू नये, आणि सोडलं तर ते धुण्याची परवानगी असलेल्याकडेच द्यावं. प्रदूषण नियंत्रण मंडळाने हा व्यवहार गोदामापर्यंत तपासावा. महापालिकेने गोदामांतल्या माणसांची त्वचा, फुप्फुसं आणि रक्त दरवर्षी तपासावं. आमच्या वाचकांत एमआयडीसीतले कारखानदार आहेत, जाहिरातदारही आहेत. त्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा, आणि एक विनंती: लक्ष्मीपूजनाला नवी वही मांडण्याआधी जुनी उघडा, आणि वर्षभरात किती पिंपं कुणाला विकली ते एकदा वाचा.