उताराचं काय ठरलं?

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल लिहिलं, तेव्हापासून विचारणा एकच: बाथरूमचं काय? सोबत मोबाईलवरचे फोटो. करड्या भिंती, काळे मॅट नळ, काचेचं पार्टिशन, कोपऱ्यात मनी प्लांट. सगळं झकास आणि सगळं कोरडं ठणठणीत. बादली, तांब्या, बसायचा पाट एकाही फोटोत दिसला नाही.

ही बाथरूमं जिथून आली तिथे टबाबाहेर पाणी सांडणं अपेक्षितच नसतं. कित्येक घरांत जमिनीला जाळीसुद्धा नसते. आपण डोक्यावरून पाणी ओततो, तिथेच चार कपडे खंगाळतो आणि जाताजाता फरशीही धुतो. जुन्या मोरीला हे माहीत होतं. खडबडीत शहाबादी, कडेला चार बोटं उंचवटा आणि पाणी सरळ कोपऱ्यातल्या भोकाकडे. मोरी अंधारी असायची, शेवाळही धरायची. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण गवंडी आधी उतार काढायचा, बाकीचं नंतर.

आता टाइल आधी ठरते, तीही दोन बाय चार फुटांची. उतार मीटरला एक-दीड सेंटिमीटर तरी हवा. नहाणी ट्रॅप मधे असेल तर तो चारही बाजूंनी द्यावा लागतो आणि एवढी मोठी टाइल काही वाकत नाही. मग एकतर तिला तिरके काप द्यायचे, नाहीतर मिस्त्री गुपचूप उतारच मारतो आणि कमोडच्या मागे कायमचं डबकं होतं. मोठ्या टाइलचा हट्टच असेल तर भिंतीलगत लांब जाळी घ्या, म्हणजे उतार एकाच दिशेला जाईल. नाहीतर खाली एक बाय एकची मॅट टाइल लावा. भिंतीवर हवी ती हौस करा.

टाइल बसण्याआधी, वॉटरप्रूफिंग झालं की जाळी बंद करून पाणी तुंबवून ठेवा. 24 तास तरी, जमलं तर 48. मग खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून या. चहा मिळाला तर घ्या. ओल आल्यावर तो मिळणार नाही.

काळे नळ? बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर विसरा. आठवड्यात पांढरे डाग पडतात. साधं क्रोम ते बरंच झाकून नेतं. काचेचंही तेच. रोज आंघोळीनंतर तिच्यावर वायपर कोण फिरवणार, हे घरात आधी ठरवा. ज्यांनी फोटो पाठवले, ते बहुधा फिरवणार नाहीत.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी दाराशी एक बादली ओता, दहा मिनिटांनी परत या. पाणी साचलेलं दिसलं तर मिस्त्री म्हणेल, ‘वापरात आलं की होतं बरोबर, साहेब.’ त्या दिवशी पैसे देऊ नका.