आधी गरज की आधी धर्म?

बोस्नियाची राजधानी सारायेव्हो एप्रिल १९९२ पासून जवळजवळ चार वर्षे वेढ्यात होती. अन्न, औषध, पाणी, वीज, सर्वांचीच टंचाई. अशा टंचाईत काळा बाजार फोफावतो, हा युद्धांचा नित्याचा अनुभव.

शहरातील मूठभर ज्यूंचे लढणाऱ्या कोणत्याही पक्षाशी वैर नव्हते. म्हणून त्यांचे ताफे नाक्यांवरून बाहेर पडू शकले. ही तटस्थता हेच त्यांचे मोठे भांडवल. ते त्यांनी केवळ स्वतःसाठी वापरले असते, तरी कोणी दोष दिला नसता. परंतु १८९२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या ‘ला बेनेव्होलेन्सिया’ संस्थेने अन्नछत्र व मोफत औषधालये सर्वांसाठी चालविली. ज्यूंबरोबर मुसलमान, सर्ब आणि क्रोएट यांनाही वेढ्याबाहेर काढले. नाझी काळात ज्यू कुटुंबाला घरात आसरा देणाऱ्या झेयनेबा हार्दागा या मुस्लिम बाईंचीही १९९४ साली ज्यू संस्थांच्या साहाय्याने सुटका झाली.

याला दानधर्म म्हणणे अपुरे आहे. गरज हाच निकष मानून केलेली ही साधनांची वाटणी होती. आपल्या देशाने मात्र २०१९ साली नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त करताना तीन शेजारी देशांतून आलेल्या आश्रितांची धर्मानुसार विभागणी केली आणि मुसलमानांना वगळले. निर्वासिताला आधी गरज विचारावी की धर्म, या प्रश्नावर तरी समाजवादी कार्यकर्त्याचे उत्तर संदिग्ध असता कामा नये.