चूक ड्रोनची नसते

२९ ऑगस्ट २०२१. काबूलमध्ये एक पांढरी टोयोटा कोरोला दिवसभर शहरात फिरत होती. अमेरिकेचे ड्रोन सुमारे आठ तास तिच्यावर नजर ठेवून होते. गाडीत कॅन चढवले गेले. पाहणाऱ्यांना ती स्फोटके वाटली. गाडी घराच्या अंगणात शिरली आणि हेलफायर क्षेपणास्त्र सुटले. दहा माणसे गेली, त्यांत सात मुले होती. गाडी चालवणारा एका अमेरिकी मदतसंस्थेचा कर्मचारी होता. कॅनमध्ये पाणी होते.

कारवाई योग्यच होती, असे अमेरिकी सैन्याने आधी सांगितले. पत्रकारांनी माग काढल्यावर १७ सप्टेंबरला चूक कबूल केली. डिसेंबरमध्ये निर्णय आला: कोणालाही शिक्षा नाही.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमची सिस्टीम तासभर बंद पडली तरी दुसऱ्या दिवशी बैठक होते. कोणती माहिती चुकली, मंजुरी कोणी दिली, आता काय बदलणार, हे सगळे लिहून काढावे लागते. काबूलमध्ये कॅमेरा बिघडला नव्हता. गाडी संशयित आहे हे पाहणाऱ्यांनी आधीच मनाशी धरले होते. मग तिची प्रत्येक हालचाल त्या संशयात बसत गेली. हवाई दलाच्या चौकशीतही हेच निघाले. हल्ल्याच्या दोन मिनिटे आधीच्या चित्रणात एक मूल दिसत होते, हेही त्याच चौकशीत निघाले.

ड्रोनच्या बाजूने नेहमी दोन गोष्टी सांगितल्या जातात: नेम अचूक लागतो आणि स्वतःचा सैनिक वाचतो. दोन्ही खऱ्या आहेत. पण अचूक नेम चुकीच्या माणसावरही तितकाच अचूक लागतो. आणि स्वतःचे काही पणाला लागत नसेल, तर बटण दाबणे सोपे होते. युक्रेनच्या खेरसनमध्ये रशियन सैन्याचे छोटे, स्वस्त ड्रोन रस्त्यावरच्या सामान्य नागरिकांचा पाठलाग करून बॉम्ब टाकतात. चालवणाऱ्याला पडद्यावर समोरचा माणूस दिसत असतो. २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने या हल्ल्यांना मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हटले.

मित्रांनो, इथपर्यंत तुम्ही माझ्याशी सहमत असाल. आता थोडे आपल्याकडे पाहू. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या युद्धात अझरबैजानने तुर्कीचे बायरक्तार ड्रोन वापरले. रणगाडे उडतानाचे व्हिडिओ आपल्यातल्या अनेकांनी अभिमानाने फॉरवर्ड केले. मीही केले. ड्रोन 'आपल्या' लोकांचे होते ना!

१९ सप्टेंबर २०२५ रोजी सुदानच्या अल-फाशिर शहरात फजरच्या नमाजच्या वेळी मशिदीवर ड्रोन हल्ला झाला. सत्तरहून अधिक नमाजी मारले गेले. ठपका आहे तो त्या वेळी शहराला वेढा घालून बसलेल्या रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलावर. मारणारेही कलमा पढणारे, मरणारेही. आता कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या? नागरिकाच्या जिवाचा नियम शत्रूसाठी एक आणि आपल्यासाठी दुसरा असेल, तर काबूलच्या सात मुलांविषयी बोलण्याचा हक्क आपण गमावतो.

पुढचे पाऊल आणखी धोक्याचे आहे. आज बटण दाबायला निदान माणूस आहे. उद्या लक्ष्य निवडण्याचे कामही सॉफ्टवेअरकडे जाईल. डिसेंबर २०२३ मध्ये स्वयंचलित शस्त्रांवरचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात चारच मते पडली. त्यांतले एक भारताचे होते. ते का, हे आपल्या खासदाराला विचारणे हा नागरिक म्हणून आपला हक्क आहे. किती जणांनी विचारले?

तुमच्यापैकी कित्येक जण आज कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहेत. उद्या कोणी चित्रातली गाडी ओळखणारा प्रोग्राम लिहील, कोणी ड्रोनचा सुटा भाग बनवील. नोकरी नाकारा, असे मी म्हणत नाही. पण काम हातात घेताना दोन प्रश्न जरूर विचारा: हे कुठे वापरले जाणार, आणि चुकले तर सही कोणाची असणार? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर ते काम हातात घेऊ नका. आणि पुढचा व्हिडिओ फॉरवर्ड करण्याआधी, त्या स्फोटाखाली कोण होते, एवढे तरी स्वतःला विचारा.