पेन्याला अजून एक वर्ष हवं होतं

रत्नागिरीत क्रिकेट सोडून फुटबॉलवर बोलायला लागलं की लोक विषय बदलतात. म्हणून इथे लिहितोय! दुपारची मांडवी एक्स्प्रेस पकडली की संध्याकाळी मडगाव, आणि तिथलं फातोर्डा स्टेडियम म्हणजे एफसी गोवाचं घर. आपल्याला जवळचा मोठा संघ हाच.

कार्लोस पेन्या हा स्पॅनिश बचावपटू २०१८ साली गोव्यात आला. बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघात खेळलेला, पस्तिशीला टेकलेला. २०१९ मध्ये गोव्याने सुपर कप जिंकला, पुढच्या हंगामात साखळीत पहिला नंबर. मग त्याची निवृत्ती. २०२२ मध्ये तोच प्रशिक्षक म्हणून परत आला. त्या हंगामात गोवा सातवा आला, आणि बाद फेरीत जागा सहाच! २०२३ मध्ये पेन्याला निरोप.

आता तुम्ही म्हणाल, निकाल नाही तर खुर्ची नाही. चांगला खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असंही नाही. मान्य. पण याच क्लबने २०२० मध्ये संघ अव्वल असताना लोबेराला काढलं होतं. म्हणजे जिंकूनही खुर्ची टिकेल याची खात्री नाहीच...

मैदानात चूक झाली तर सावरायला बाजूला दहा जण असतात. प्रशिक्षकाची चूक त्याची एकट्याची. ते काम एका हंगामात कसं अंगवळणी पडणार? हापूसचं कलम लावून पहिल्याच वर्षी आपण आंबे मागतो का?

असो. मला तरी वाटतं, त्याला अजून एक वर्ष द्यायला हवं होतं. तुम्हाला काय वाटतं?