भीतीची मुदत आणि भागधारकाची पुंजी

१९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी जगातील अनेक जुन्या संगणकीय यंत्रांचे घड्याळ आपली अंतिम मर्यादा गाठील. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजणारा बत्तीस बिटांचा हा आकडा २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जाऊ शकत नाही. पुढच्याच क्षणी तो उलटतो आणि यंत्राच्या लेखी डिसेंबर १९०१ उजाडतो. दोष खरा आहे, त्याविषयी वाद नाही. वाद आहे तो या दोषाच्या पाठोपाठ येणाऱ्या उपदेशाविषयी. ‘यंत्रांतील हा दोष दुरुस्त करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आताच घेऊन ठेवा’ ही हाक जसजशी तारीख जवळ येईल तसतशी मोठी होत जाणार. अमरावती-अकोल्याच्या मध्यमवर्गीय घरांनी तिचे उत्तर आजच ठरवून ठेवावे, कारण ती काही पहिल्यांदा ऐकू येणार नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हेच घडले. वर्षाचे दोनच अंक लिहिण्याच्या काटकसरीमुळे २००० साल उजाडताच संगणक गोंधळतील, हे ‘वायटूके’चे संकट बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांपुरते वास्तव होते. परंतु भीतीला खरा रंग चढला तो एम्बेडेड सिस्टिमच्या नावाने. पंप, उद्‌वाहने, वैद्यकीय उपकरणे, वीजकेंद्रे यांच्या पोटात बसवलेल्या चिपा एकाच मध्यरात्री बंद पडतील, असे चित्र रंगवले गेले. वास्तविक यांतील बहुसंख्य चिपांना तिथीवाराशी कर्तव्यच नसते. पंप किती मिनिटे चालला हे त्या मोजतात, आज गुढीपाडवा आहे की पोळा याची चौकशी त्या करीत नाहीत. पण एवढे समजावून सांगितले तर शेअर कसा विकला जाणार? अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर तर वायटूकेचे काम करणाऱ्या कंपन्यांचा स्वतंत्र निर्देशांकच काढण्यात आला होता. दुरुस्तीला जगभर ३०० ते ६०० अब्ज डॉलर लागतील, हा गार्टनर या संस्थेचा अंदाज तोंडोतोंडी झाला होता.

१ जानेवारी २००० उजाडला. जपानमधील शिका अणुवीजकेंद्रात किरणोत्सर्गाची माहिती देणारी एक यंत्रणा अडखळली, ऑस्ट्रेलियात काही बसगाड्यांतील तिकीटयंत्रे रुसली. वीज गेली नाही, विमाने पडली नाहीत. बँकांच्या आज्ञावल्या वेळीच दुरुस्त झाल्या म्हणून मोठा अनर्थ टळला, आणि त्या श्रमांत भारतीय अभियंत्यांचा वाटा मोठा होता, हे अभिमानाने सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या इटली-रशियाने तयारीवर फारसा खर्च केला नव्हता, तेथेही चिपांचा प्रलय आला नाही. आणि काम संपले तेव्हा त्या कामावर जगणाऱ्या कंपनीचे काय उरले? ज्या धंद्याचा शेवटचा दिवस पंचांगात आधीच छापलेला आहे, त्याच्या शेअराला कायमची मालमत्ता समजणे याला गुंतवणूक म्हणत नाहीत.

गंमत अशी की ज्यांनी हे काम सर्वांत मोठ्या प्रमाणावर आणि चोख केले त्यांत अग्रणी असलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा शेअर तेव्हा बाजारात नव्हताच. तो आला ऑगस्ट २००४ मध्ये. इन्फोसिसने वायटूकेच्या कामाचा वाटा जाणीवपूर्वक मर्यादित ठेवला होता. मग सामान्य माणसाच्या पदरात काय पडले? नावात ‘सॉफ्टवेअर’ वा ‘इन्फोटेक’ जोडून घेतलेल्या कंपन्या, आणि केतन पारेख यांच्या मर्जीतील म्हणून गाजलेले शेअर: सिल्व्हरलाईन टेक्नॉलॉजीज, डीएसक्यू सॉफ्टवेअर, पेंटामीडिया ग्राफिक्स. ११ फेब्रुवारी २००० रोजी सेन्सेक्स ५९३३ वर बंद झाला. सप्टेंबर २००१ मध्ये तो २६०० च्या आसपास आला. पारेख यांना ३० मार्च २००१ रोजी अटक झाली.

ज्यांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही तेही सुटले नाहीत. २ जुलै २००१ रोजी युनिट ट्रस्टने यूएस-६४ योजनेची विक्री आणि पुनर्खरेदी थांबवली. देशातील सुमारे दोन कोटी युनिटधारकांचा पैसा अडकला. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, निवृत्तीनंतरची भाकरी यांसाठी ‘सरकारी म्हणजे सुरक्षित’ या विश्वासाने ठेवलेल्या त्या पुंजीतूनही याच बाजारातील शेअर घेतले गेले होते. शिक्षक, तलाठी, पोस्टमास्तर यांनी कधी डीएसक्यूचे नाव ऐकले नसेल. त्यांच्या घामाच्या पैशाने मात्र ते ऐकले होते.

वऱ्हाडाला हा धडा त्याहूनही जुना आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतील बोंडांना सोन्याचा भाव आला. मागणी खरी होती. पण त्या पैशावर मुंबईत प्रेमचंद रायचंद यांच्या काळात बॅक बेसारख्या समुद्र हटवणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि बँक ऑफ बॉम्बेचा २८५० रुपयांवर गेलेला शेअर ८७ रुपयांवर आला. खरी गरज, ठरलेली मुदत आणि मुदतीकडे डोळेझाक: १८६५ आणि २००० यांच्यात फरक असलाच तर कापसाऐवजी चिप आली एवढाच.

२०३८ च्या बाबतीत तर विकत घेण्याजोगे आणखी कमी आहे. असंख्य उपकरणांच्या पोटात चालणाऱ्या लिनक्स या मुक्त प्रणालीची मूळ दुरुस्ती मार्च २०२० च्या ५.६ या आवृत्तीत पूर्णत्वास गेली, आणि ती कोणालाही फुकट उपलब्ध आहे. फुकट मिळणाऱ्या औषधाच्या दुकानात भागीदारी कशाची घ्यायची?

म्हणून हातावर हात ठेवून बसावे असे नाही. एप्रिल २०१९ मध्ये जीपीएसची आठवड्यांची मोजणी शून्यावर आली तेव्हा न्यूयॉर्क महानगराचे स्वतःचे बिनतारी जाळे बंद पडले होते. २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमध्ये लीप दिवस न ओळखल्याने पेट्रोलपंपांवर कार्ड चालेनात. तेव्हा प्रश्न विचारायचा तो दलालाला नव्हे, खरेदी करणाऱ्या कार्यालयाला. आज बसवला जाणारा वीजमीटर वा पंपाचा नियंत्रक बारा-पंधरा वर्षे चालणार असेल, तर तो २०३८ पाहणारच. अकोल्याला काटेपूर्णेचे आणि अमरावतीला ऊर्ध्व वर्धेचे पाणी देणाऱ्या यंत्रणांनी, पारसच्या वीजकेंद्राने, महावितरणने आपल्या निविदांत एक कलम घालावे: पुरवठादाराने २०३८ नंतरच्या तारखेवर उपकरण चालवून दाखवावे, अन्यथा देयक मिळणार नाही. या चाचणीला लागणारी माणसे बडनेरा आणि शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून दरवर्षी बाहेर पडतात आणि पुण्याची गाडी धरतात. त्यांतील दहाजणांना या कामावर ठेवण्याचा खर्च एखाद्या नगरसेवकाच्या स्वागतकमानींहून फार मोठा नसावा. कलम घातले गेले की नाही, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते.