तिसऱ्याला दिलेले मत वाया का?




अमेरिकेत गव्हर्नरपदासाठी तिसऱ्या पक्षाला मत देणे म्हणजे मत पाण्यात घालणे, हे गेल्या अंकातील पत्र वाचून राहवले नाही. (तिथला गव्हर्नर आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नसतो, लोक त्याला निवडून देतात.) पत्रलेखक १९९८चे मिनेसोटा विसरले. रिफॉर्म पार्टीचे जेसी व्हेंचुरा, एकेकाळचे व्यावसायिक कुस्तीगीर, ३७ टक्के मते घेऊन निवडून आले. रिपब्लिकन नॉर्म कोलमन ३४ टक्क्यांवर राहिले, तर माजी उपराष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव हम्फ्री २८ टक्क्यांसह थेट तिसरे!

मी तेव्हा तिथे शिकत होतो. माझ्या खोलीतला मित्र ऐन मतदानाच्या दिवशी ओळखपत्र आणि विजेचे बिल घेऊन केंद्रावर गेला, तिथेच नाव नोंदवून मत देऊन आला. त्या राज्यात ही सोय १९७०च्या दशकापासून आहे. शिवाय जाहीर वादसभांत व्हेंचुरांना दोघांच्या बरोबरीने उभे राहता आले. दार उघडे ठेवले, म्हणून लोक आत आले.

६३ टक्क्यांना व्हेंचुरा नको होते, हे खरेच. पण तो दोष ‘ज्याची मते जास्त तो विजयी’ या पद्धतीचा आहे. पत्रलेखकांनी तिच्याविरुद्ध लिहावे, मी खाली सही करीन.

— एक वाचक, ठाणे